आमचीं बोटें

२०२५ सालच्या उन्हाळ्यांतली गोष्ट. रात्रींचीं जेवणें आटोपून आम्ही सारीं दिवाणखान्यांत बसलों होतों. नेरूळचें आमचें बिऱ्हाड म्हणजे एकाच मजल्यावरचे समोरासमोरचे दोन ब्लॉक. एकांत मातोश्रींसह आम्ही, दुसऱ्यांत धाकटे बंधु व त्यांचा परिवार. पण स्वयंपाक एक आणि दारें दोन्ही उघडीं. त्या रात्रीं पुतण्यानें जाहीर केलें कीं, त्याच्या कंपनीनें त्याला एक कोच नेमून दिला आहे. हा कोच कांहीं शिकवीत नाहीं, सल्ला देत नाहीं. पुतण्याच्या कामांतलें त्याला फारसें कळतहि नाहीं. पंधरा दिवसांतून एकदां तो तासभर समोर बसतो, दोनचार प्रश्न विचारतो, आणि उरलेला वेळ ऐकून घेतो. ह्या ऐकण्याबद्दल कंपनी त्याला भरभक्कम मोबदला देते.

मातोश्रींनीं वाती वळावयाचें थांबविलें. "ऐकून घ्यायचे पैसे मिळतात? मग ह्या घराकडून माझं किती येणं निघेल रे?"

सगळीं हंसलों. सर्वांत मोठ्यानें आम्ही हंसलों. कारण ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार घरांत कोणाला असेल तर तो आम्हांला, अशी आमची समजूत होती. आम्ही स्वतः कोच आहों.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. बँकेंतून निवृत्त झाल्यापासून आम्ही घरीं मुलांना बुद्धिबळ शिकवितों, आणि त्याची फी घेतों. विद्या विकूं नये हा संस्कार आमच्यावरहि झालेला आहे. परंतु फुकट शिकविलें तर आईबाप मुलांना सवडीनें पाठवितात आणि फी घेतली तर घड्याळाच्या ठोक्याला आणून सोडतात, असा अनुभव आल्यावर तो संस्कार आम्हीं जरा बाजूला सारला.

त्या रात्रीं पुतण्याला निरुत्तर करण्यासाठीं आम्हीं त्याला ह्या शब्दाची जन्मकथा ऐकविली. हंगेरी देशांत कोच नांवाचें एक खेडें आहे. पंधराव्या शतकांत तेथें उत्तम घोडागाड्या बनूं लागल्या आणि गांवाचें नांव गाडीला पडलें. इंग्रजींत गाडीला तेंच नांव रूढ झालें. आणि १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी, परीक्षेंतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेनें कोच म्हणूं लागले. खेळांतला कोच त्यानंतरचा. "तेव्हां कोच म्हणजे गाडी," आम्हीं समारोप केला, "आणि गाडीनं न्यायचं असतं. ऐकत बसायचं नसतं."

"पण काका," पुतण्या शांतपणें म्हणाला, "कुठं जायचं ते उतारूच सांगतो ना?"

उत्तर सुचेना, म्हणून आम्हीं पाणी मागितलें.

त्या सुमारास आमच्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी शिकावयास येत असे. पलीकडच्याच सेक्टरांत राहणारी; आजी तिला सोडावयास व न्यावयास येई. मुलगी तल्लख, पण अबोल. आमच्यासमोर पटावर एखादें अवघड कोडें मांडलें तर तिचा हात क्षणभर मोहऱ्यांवरून फिरे, आणि नेमका योग्य मोहऱ्यावर येऊन थांबे. आम्ही मनांत म्हणत असूं, ही कोठवर जाईल त्याला सीमा नाहीं. आश्चर्य एवढेंच कीं, स्पर्धेंत तीच मुलगी तिच्याहून दोन वर्षांनीं लहान मुलांकडून हरे. स्पर्धेच्या दालनांत खेळ चालू असतांना शिक्षकांना व पालकांना मज्जाव असतो. आम्ही बाहेर येरझारा घालीत असूं. ती पडलेल्या चेहऱ्यानें बाहेर आली कीं तिच्या हातांतला चालींचा कागद घेऊन तेथल्या तेथें, चारचौघांत, तिच्या चुका मोजून दाखवीत असूं. ती "हो सर" म्हणे. आम्हांला वाटे, ऐकते आहे.

मे महिन्यांत एका स्पर्धेंत ती सातांपैकीं पांच डाव हरली. पुढच्या आठवड्यांत आजी एकटीच आली.

"सर, रागावूं नका," ती म्हणाली, "पण थोडे दिवस तिला नाहीं पाठवत. घरीं एकटी पट मांडून बसते तेव्हां गाणं गुणगुणत असते. तुमच्याकडे यायचं म्हटलं कीं पोट दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, पोटाला कांहीं झालेलं नाहीं."

आम्हीं नेहमींचें तेंच केलें. समजुतीचें एक लांबलचक व्याख्यान दिलें. आजीनें तें संपेपर्यंत ऐकून घेतलें, नमस्कार केला आणि ती गेली. त्या महिन्याच्या फीचे उरलेले पैसे आम्ही परत करावयास गेलों, तर तिनें घेतले नाहींत. आणि त्या गोष्टीचें आम्हांला अधिकच लागलें.

पुढचा प्रकार पुतण्यानें उघडकीस आणला. मुलीच्या आईनें घरीं उजळणी व्हावी म्हणून आमच्या शिकवणीचें एकदां मोबाइलवर चित्रण करून घेतलें होतें. त्याची प्रत आमच्याकडे होती. रागाच्या भरांत आम्हीं ती पुतण्याला दाखविली, कीं बघ, एवढें जीव तोडून शिकवितों आणि हें फळ! त्यानें प्रथम घड्याळ लावून बसल्या बसल्या हिशेब केला. पंचावन्न मिनिटांत आम्ही सेहेचाळीस मिनिटें बोललों होतों. मुलगी तीन मिनिटेंहि नाहीं, आणि त्यांत बरेचसें "हो सर". उरलेलें मौन, म्हणजे बहुधा आमच्या चहाचा वेळ. मग त्यानें, आमच्या आवाजाला कंटाळून असेल, ध्वनि बंद केला, आणि थोड्या वेळानें म्हणाला, "काका, आवाज बंद करून तुम्हीच पाहा."

आवाज गेल्यावर दिसलें तें असें. मुलीचा हात पटावर तरंगत आहे, पण डोळे पटावर नाहींत. ते आमच्या उजव्या हाताकडे आहेत. टेबलाच्या कडेवर आमची चार बोटें आहेत. तिचा हात उंटाकडे जातो, तों आमचीं बोटें टेबलावर वाजूं लागतात. हात घोड्याकडे वळतो, बोटें थांबतात. ती घोडा खेळते. आम्ही मान डोलावितों. त्या एका तासांत हा प्रकार आम्हीं नऊ वेळां मोजला.

ती बुद्धिबळ शिकत नव्हतीच. ती आमचीं बोटें वाचावयास शिकली होती. आणि स्पर्धेच्या दालनांत बोटें नसत.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें हान्स नांवाचा एक घोडा गाजला होता. त्याचे धनी फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. घोड्याला बेरीज विचारली कीं तो खूर आपटून बरोबर उत्तर देई. १९०४ सालीं विद्वानांच्या एका मंडळानें तपास करून ह्यांत लबाडी नाहीं असा निर्वाळा दिला. आणि लबाडी खरोखरच नव्हती. पुढें ऑस्कर फुंग्स्ट नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें शोध लावला कीं, विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसलें तर घोड्यालाहि तें येत नाहीं. बरोबर आंकडा येतांच विचारणाऱ्याचें डोकें नकळत किंचित् हले, आणि घोडा थांबे. १९०७ सालीं हें प्रसिद्ध झालें. फॉन ऑस्टेन यांनीं तें कधींच मानलें नाहीं. ही कथा आम्हीं तरुणपणीं वाचली होती व चारचौघांत रंगवून सांगितलीहि होती. तेव्हां आम्ही नेहमीं फुंग्स्टच्या बाजूनें असूं. ह्या वेळीं प्रथमच फॉन ऑस्टेन यांची आठवण कणवेनें झाली.

बोटें वाजतात हें कळलें. कां वाजतात हें कळावयास अधिक दिवस लागले. पुतण्यानें एक पुस्तक आणून दिलें होतें. टिमथी गॉलवे नांवाच्या अमेरिकन टेनिसशिक्षकाचें, १९७४ चें. सूचना जितक्या कमी द्याव्या तितका शिष्य लवकर शिकतो असा त्याला अनुभव आला. शिष्याला 'हात असा धर' सांगण्याऐवजीं तो नुसतें चेंडूकडे पाहावयास लावी. आजचे हे कचेऱ्यांतले कोच आपल्या विद्येचें मूळ त्याच्यापर्यंत नेतात. पुस्तक आम्हांला बरें वाटलें. कांहीं ठिकाणीं लेखक आपल्याच शोधावर फार खूष होतो. परंतु आम्हांला उपयोग झाला तो एका दोन रुपयांच्या कोऱ्या वहीचा, जी कपाटांत पडून होती. उरलेल्या मुलांना शिकवितांना जेव्हां जेव्हां मध्येंच बोलावेंसें वाटे, तेव्हां न बोलतां वहींत एक शब्द लिहावयाचा असें आम्हीं ठरविलें. 'घाई.' 'फुशारकी.' 'भीति.' 'पालक बाहेर बसले आहेत.' शेवटची नोंद वाचून सौ. फार हंसली.

पण एक नोंद पुनःपुन्हां येऊं लागली: '१९८१.' त्या सालीं आम्ही वीस वर्षांचे होतों. राज्याच्या संघाच्या निवडीचा शेवटचा डाव. आमची बाजू जिंकण्याची. प्रतिपक्षाच्या राजाभोंवतीं एक प्यादें उरलेलें. हत्ती पुढें घालावयाचा तो आम्हीं भिऊन मागें घेतला, आणि वीस चालींनंतर डाव गमावला. पुढच्या वर्षीं वडील गेले, बँकेची नोकरी लागली, खेळ सुटला. आम्ही हा प्रसंग विसरलों आहों असें आम्ही चव्वेचाळीस वर्षें समजत होतों. आतां वहींत दिसलें कीं, कोणत्याहि मुलानें कोणतेंहि मोहरें मागें घेतलें कीं आमचीं बोटें वाजत. मग ती माघार योग्य असो कीं अयोग्य.

आणि ही मुलगी तर स्वभावानेंच मागें घेणारी! राजाला सुरक्षित कोपऱ्यांत ठेवावें, समोरच्याचे बेत ओळखून एक एक वाट बुजवावी, आणि वाट पाहावी, ही तिची आवड. आम्ही त्याला भित्रेपणा म्हणत असूं. वास्तविक टिग्रान पेट्रोशियन हा १९६३ पासून १९६९ पर्यंत जगज्जेता होता तो नेमक्या ह्याच खेळाच्या बळावर, हें आम्हांला पाठ आहे. (पेट्रोशियनला ऐकूं कमी येई. १९७१ सालीं सेव्हिल येथें ह्यूबनरशीं सामना चालला असतां दालनांतील गलबल्यानें ह्यूबनर हैराण होऊन सामना सोडून गेला. पेट्रोशियन आपलें श्रवणयंत्र बंद करून स्वस्थ खेळत होता. खेळणाऱ्याला हें शोभून दिसतें. आम्ही शिकवितांना यंत्र बंद ठेवीत होतों.)

ऑगस्टांत एका संध्याकाळीं आम्ही मुलीच्या घरीं गेलों. ह्या वेळीं पैसे द्यावयास नव्हे. आजीनें सरबत दिलें. मुलगी बऱ्याच वेळानें बाहेर आली आणि दाराशींच उभी राहिली. "तुला कसं खेळायला आवडतं?" एवढेंच आम्हीं विचारलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. आम्ही गप्प बसलों. भिंतीवरच्या घड्याळाचा कांटा आम्हांला स्पष्ट दिसत होता. एवढा वेळ मुकाट्यानें आम्ही कोणापुढें बसलों असूं तर ते बँकेचे तपासनीसच. शेवटीं ती म्हणाली, "मला हरायचं नसतं, सर. तुम्हांला जिंकायचं असतं."

आजीनें "असं बोलूं नये" म्हणून तिला दटावलें. आम्हीं आजीला थांबविलें.

सप्टेंबरांत ती पुन्हां येऊं लागली. अट एकच, कीं सरांनीं हात मांडीवर ठेवावे.

पुढें ऑक्टोबर आला आणि आमच्या नेरूळचें नांव जगभर झालें. महिलांच्या क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा. उपांत्य व अंतिम सामना आमच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर. मातोश्री सांगलीच्या, त्यामुळें स्मृति मंधाना ही त्यांच्या माहेरची. तिच्या खेळण्याच्या दिवशीं घरांत स्वयंपाक लवकर उरके. आमचें लक्ष मात्र अमोल मुजुमदार ह्या गृहस्थांकडे होतें. २०२३ च्या ऑक्टोबरांत ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईच्या क्रिकेटवेड्यांना त्यांचें नांव पूर्वींपासून ठाऊक. रणजीच्या पहिल्याच सामन्यांत हरियाणाविरुद्ध २६० धावा. पुढें प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धावा, तीस शतकें. २००६-०७ चें रणजी विजेतेपद त्यांच्या नेतृत्वाखालीं. भारतासाठीं मात्र एकहि सामना नाहीं. १९८८ च्या फेब्रुवारींत शारदाश्रम शाळेसाठीं सचिन व कांबळी यांनीं ६६४ धावांची भागी केली, तेव्हां पुढच्या क्रमांकाचा हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला. ही गोष्ट इतक्यांदां सांगितली गेली आहे कीं ती त्यांच्या नांवाचाच भाग झाली आहे.

ते आचरेकर सरांचे शिष्य. रमाकांत आचरेकरांच्या कडक शिस्तीचा दाखला आम्ही आमच्या बचावासाठीं वर्षानुवर्षें देत आलों होतों. सरांनीं आपल्याला कधीं शाबासकी दिली नाहीं, हें सचिननें १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडेवरील निरोपाच्या भाषणांतहि सांगितलें. तेवढें आम्हीं नेमकें उचललें होतें. परंतु सर कधीं कधीं झाडाआड उभे राहून मुलांचा खेळ पाहत, हेंहि सचिननेंच सांगितलें आहे, आणि त्याचा अर्थ आम्हांला ह्या वर्षीं लागला. झाडाआड असलेल्या शिक्षकाचीं बोटें मुलाला दिसत नाहींत. मुलाला चेंडूकडेच पाहावें लागतें.

साखळींत भारत लागोपाठ तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनीं हरल्यावर मुजुमदारांनीं खेळाडूंना चांगलेंच सुनावलें, आणि त्यांचें बोलणें सर्वांनीं योग्य अर्थानें घेतलें, असें पुढें कर्णधार हरमनप्रीतनें सांगितलें. तेव्हां ऐकणारा शिक्षक म्हणजे मुका शिक्षक नव्हे. त्या सामन्यांतून वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज पुढच्याच सामन्यांत परतली, आणि ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करतांना १२७ वर नाबाद राहिली. तिसऱ्या क्रमांकावर आपल्याला जावयाचें आहे हें तिला मैदानांत उतरण्यापूर्वीं कांहीं मिनिटें समजलें होतें! त्या दिवशीं ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर मुजुमदारांनीं लिहिलें होतें तें एवढेंच, कीं अंतिम फेरीसाठीं त्यांच्यापेक्षां आपल्याला एक धाव अधिक हवी. आम्ही त्या वाक्याचा फार विचार केला. त्यांत देश नाहीं, इतिहास नाहीं, १९८८ नाहीं. लिहिणाऱ्याचें स्वतःचें असें त्यांत कांहींच नाहीं.

२ नोव्हेंबरला पाऊस पडला, सामना दोन तास उशिरां सुरू झाला. ती मुलगी व तिची आजी आमच्याकडेच पाहावयास आल्या होत्या. आमच्या गच्चीवरून क्रीडांगणाचे दिवे दिसतात. लोकांची आरोळी आधीं खिडकींतून येई आणि मग काहीं क्षणांनीं पडद्यावर बळी पडे. त्यामुळें पडद्याकडे पाहण्याआधींच आम्हां नेरूळकरांना सारें कळत होतें. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ति शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतनें शेवटचा झेल घेतला. बावन्न धावांनीं भारत जिंकला. मग हरमनप्रीतनें मुजुमदारांच्या पायांना हात लावला, आणि मातोश्रींनीं डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशीं जो तो म्हणूं लागला कीं, मुजुमदारांचें अपुरें राहिलेलें स्वप्न मुलींनीं पुरें केलें. असेलहि. त्यांच्या मनांत काय होतें तें त्यांना ठाऊक. पण हें वाक्य आम्हांला आतां पूर्वींसारखें गोड लागत नाहीं. आपलें स्वप्न मुलांकडून पुरें करून घेऊं पाहणारा माणूस आम्हीं फार जवळून पाहिला आहे. टेबलाच्या कडेवर त्याचीं चार बोटें असतात. मुजुमदारांचें तसें असतें तर त्या फळ्यावर कांहीं निराळें वाक्य आलें असतें, असा आमचा तर्क आहे. सौ.चें म्हणणें, एवढ्या एका वाक्यावरून माणूस ओळखूं नये. तिचेंहि खरें असेल.

मुलगी अजून मंगळवारीं येते. स्पर्धेंत कधीं जिंकते, कधीं हरते. बाहेर आल्यावर आम्ही कागद मागत नाहीं, तिला वाटलें तर ती देते. वहींत '१९८१' अजूनहि पडतें, महिन्यांतून चारपांच वेळां. मागच्या मंगळवारीं तिनें चांगला भरांत आलेला हल्ला सोडून राजा एक घर मागें घेतला. आमच्या मतें ती चाल साफ चूक होती, आणि आजहि आम्हांला तसेंच वाटतें. मांडीखालीं दाबलेले हात आम्हांला चांगलेच जाणवत होते. सौ.नें चहा आणून ठेवला.

"कां?" आम्हीं विचारलें.

तिनें आमच्याकडे पाहिलें, मग पटाकडे. "सांगते," ती म्हणाली, "पण जरा वेळ लागेल."

चहा निवला तरी तिचें सांगणें चालूच होतें.